११ पॉडकास्ट झाले, ओळख एकही नाही: आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही छोट्या उद्योगांना आर्थिक नियोजनाचा सल्ला देता. गेल्या वर्षभरात ११ पॉडकास्टवर पाहुणे म्हणून जाऊन आलात, सगळीकडे कौतुक झालं, पण त्यातून व्यवसायाची एकही ओळख पुढे सरकली नाही. आता एक एजन्सी महिन्याला ठरावीक पॉडकास्ट मिळवून देण्याची हमी देते आहे. ती घ्यावी, की हा नादच सोडून द्यावा?

एजन्सीचं शेवटाकडे बोलू. आधी मला सांगा, त्या ११ होस्टपैकी किती जणांना तुम्ही आज, काही निमित्त नसताना, फोन लावू शकाल? त्यांचा स्वतःचा धंदा नेमका कसा चालतो, सध्या त्यांचं घोडं कुठे अडलंय, हे किती जणांबद्दल सांगता येईल? तुमच्या प्रश्नात प्रत्येक भागाच्या डाउनलोडचे आकडे आहेत, तुम्ही काय काय बोललात तेही आहे. होस्टबद्दल मात्र एक वाक्य नाही. माझ्या मते दुखणं तिथे आहे.

मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी कारखान्यांना गोदामाची मांडणी आणि साठ्याचा हिशोब यांबद्दल सल्ला देते. सहा वर्षं याच विषयावर पॉडकास्ट चालवते आहे आणि दुसऱ्यांच्या पॉडकास्टवर साठेक वेळा जाऊन आले आहे. म्हणजे माइकच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. पहिल्या वर्षी माझंही अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. मोठ्यात मोठा शो शोधायचा, तासभर जीव तोडून बोलायचं, भाग आला की लिंक सगळीकडे टाकायची आणि इनबॉक्सकडे डोळे लावून बसायचं. काही आलं नाही. आज माझ्या कामातला मोठा भाग पॉडकास्टवरून झालेल्या ओळखींमधून येतो, पण कुणी भाग ऐकला आणि लगेच काम दिलं, असं जवळपास कधीच झालेलं नाही. मधे नेहमी एखादा माणूस असतो, आणि तो बहुतेक वेळा होस्ट असतो.

डाउनलोडचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्या आकड्यानेच तुमची निवड चुकवली आहे. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड (नवा भाग आला की ऐकायच्या ॲपला आपोआप कळवणारी यादी) आणि त्याला जोडलेली ध्वनिफाइल. ही जोडणी सॉफ्टवेअर बनवणारे डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस आरएसएसमध्ये आणली. 'पॉडकास्टिंग' हा शब्द त्यानंतर, २००४ मध्ये, बेन हॅमर्सली यांच्या 'द गार्डियन'मधल्या लेखात आला. रचना आजही बरीचशी तीच आहे: फाइल सर्व्हरवरून निघते आणि ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये जाते. पुढे ती ऐकली गेली की नुसती पडून राहिली, हे सर्व्हरला कळत नाही. जाहिरात क्षेत्राच्या आयएबी या संस्थेच्या मोजणीच्या नियमांनुसार साधारण एक मिनिटाचा आवाज उतरला की एक डाउनलोड धरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीसोबत आपोआप डाउनलोड होण्याची पद्धत बदलली, तेव्हा बऱ्याच शोंचे आकडे घसरले. ऐकणारी माणसं तीच होती, फक्त न ऐकता साचणाऱ्या फायली थांबल्या.

यात तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. होस्टलाही आपले श्रोते नावानिशी माहीत नसतात. त्यामुळे हजारो लोकांपर्यंत पोहोचलात तरी त्यातला एकही जण तुमच्या हाताला लागत नाही, जोपर्यंत तो स्वतःहून चार ओळी लिहीत नाही. याउलट ज्या एका माणसाचं नाव, आवाज, चेहरा आणि तासाभराचं अखंड लक्ष तुम्हाला हमखास मिळतं, तो तुमच्या समोर बसलेला असतो. आणि आपण त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या गर्दीकडे बघत बोलत राहतो.

आता त्या तासात ओळख का होत नाही, ते पाहू. १९९७ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या, त्यांना हळूहळू अधिकाधिक आतलं विचारत जाणारे ३६ प्रश्न दिले आणि सुमारे ४५ मिनिटं बोलू दिलं. नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. ४५ मिनिटं म्हणजे पॉडकास्टच्या एका भागाएवढा वेळ. म्हणजे आपल्यालाही हे जमायला हवं. पण त्या प्रयोगात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनी द्यायचं होतं. पॉडकास्टमध्ये उघडे होतो ते फक्त आपण. तास संपतो तेव्हा होस्टला तुमच्या धंद्यातली पहिली चूक माहीत असते, तुम्ही नोकरी का सोडली ते माहीत असतं, आणि तुम्हाला त्याच्याबद्दल त्याच्या परिचयातल्या दोन ओळींपलीकडे काही ठाऊक नसतं. हे असंतुलन आपणहून भरून काढायचं असतं. माझं सगळं उत्तर एवढ्यावर उभं आहे. पुढचं सगळं तेच कसं करायचं याबद्दल आहे.

सुरुवात शो निवडण्यापासून. एखाद्या शोकडे जाण्याआधी मी त्याचे निदान तीन भाग पूर्ण ऐकते आणि ऐकताना पाहुण्याकडे दुर्लक्ष करते, लक्ष होस्टवर ठेवते. तो उपप्रश्न विचारतो का? पाहुण्याने काही अनपेक्षित सांगितलं तर त्यावर थांबतो, की यादीतला पुढचा प्रश्न उचलतो? जो थांबत नाही, तो रेकॉर्डिंगनंतरही थांबणार नाही. मग हेही ऐकते की तो जुन्या पाहुण्यांचा उल्लेख कसा करतो. "मागे एकजण आले होते, त्यांनी नंतर मला कळवलं की..." असं वाक्य ऐकलं की मी तो शो लगेच यादीत वर घेते, कारण हा माणूस ओळखी सांभाळतो. होस्टचा स्वतःचा व्यवसायही पाहते. तुमचं ज्यांच्याकडे काम असतं त्यांच्याकडेच याचंही काम असावं, पण दोघांचं दुकान एक नसावं. तुमच्या बाबतीत छोट्या उद्योगांना हिशोबाची प्रणाली बसवून देणारा, त्यांच्यासाठी माणसं भरती करणारा, त्यांचे करारमदार बघणारा वकील, अशांचे पॉडकास्ट शोधा. इतर आर्थिक सल्लागारांचे नकोत, तिथे तुमचे सहव्यावसायिकच ऐकत बसलेले असतात.

आणखी एक जागा लोक बघत नाहीत: त्या शोवर आधी येऊन गेलेले पाहुणे. तुम्ही ज्या दारातून आत जाऊ पाहता, त्याच्या आत ते आधीच बसलेले आहेत. वीस-तीस नावं वाचली की हा होस्ट कुठल्या वर्तुळात वावरतो ते कळतं. मला तर कधीकधी शोपेक्षा त्याची पाहुण्यांची यादीच जास्त मोलाची वाटली आहे. शेवटचा भाग कधी आला ते मात्र आधी बघा. कित्येक पॉडकास्ट गाजावाजा करून सुरू होतात आणि थोड्याच भागांत गुपचूप बंद पडतात.

दोन प्रकारच्या आमंत्रणांबद्दल सावध करते. काही कंपन्या पॉडकास्ट चालवतात तेच मुळी संभाव्य ग्राहकाला पाहुणा म्हणून बोलावण्यासाठी. त्यात लबाडी आहेच असं नाही, मीही काही जणांना अशा हेतूने बोलावलं आहे. पण रेकॉर्डिंग संपताच समोरचा सादरीकरण उघडून बसला, तर ते ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं होतं. तुम्ही पाहुणे असताना हेच होस्टवर उलटवू नका. दुसरा प्रकार म्हणजे येण्यासाठी पैसे मागणारे शो. माझं धोरण सरळ नाही म्हणण्याचं आहे. पैसे देऊन गेलात तर तिथे तुम्ही ग्राहक असता आणि होस्ट तुम्हाला ग्राहकासारखंच वागवतो: नम्रपणे, आणि पावती देईपर्यंत. शिवाय पैसे दिले आहेत हे श्रोत्याला सांगायला हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शक तत्त्वं तर शिफारशीमागचा आर्थिक संबंध उघड करायला सांगतातच, पण नियम नसता तरी हे साध्या प्रामाणिकपणाचं आहे.

आता पत्र. होस्ट म्हणून मला आठवड्याला बरीच पत्रं येतात. "मी आपल्या पॉडकास्टचा नियमित श्रोता आहे" या वाक्याने सुरू होणाऱ्या पत्रांवर माझा विश्वास उडाला आहे. एकाने ते लिहून खाली कौतुक दुसऱ्याच पॉडकास्टचं केलं होतं. नाव बदलायचं राहून गेलं असणार. पत्र छोटं लिहा आणि एका विशिष्ट भागातल्या एका विशिष्ट वाक्यावर लिहा. तुमच्यासाठी ते साधारण असं असू शकेल:

"तुमच्या मागच्या महिन्यातल्या भागात पाहुणे म्हणाले की उद्योग तोट्यात गेल्यावर पहिली काटछाट जाहिरातीत करावी. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी पाहिलेल्या दोन उद्योगांमध्ये पैसा जाहिरातीत गेलाच नव्हता, तो वसुलीत अडकला होता, आणि काटछाटीने दुखणं वाढलं. यावर बोलायला आवडेल. तुमच्या श्रोत्यांना हा विषय लागू नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. ज्यांना लागू असेल असे दुसरे पाहुणे सुचवू शकेन."

परिचय, पुरस्कार, फोटो, पाच संभाव्य विषयांची यादी, काही नको. शेवटचं वाक्य मात्र ठेवा, आणि मनापासून असेल तरच ठेवा. माझ्या चांगल्या ओळखींपैकी दोन अशा आहेत की त्या माणसांच्या शोवर मी कधी गेलेच नाही. त्यांना दुसरे पाहुणे सुचवले, तेवढंच.

होकार आला की रेकॉर्डिंगच्या आधी १५-२० मिनिटांचा एक फोन मागा. बरेच होस्ट तो आपणहून ठेवतात. त्या फोनवर पाहुणे सहसा आपले मुद्दे सांगत बसतात. मी तीन गोष्टी विचारते. तुम्ही बोलताना डोळ्यांसमोर कोणता श्रोता आणता? या विषयावरचा कोणता प्रश्न आणि कोणतं उत्तर ऐकून तुम्हाला कंटाळा आला आहे? आणि तुमच्या स्वतःच्या कामात सध्या काय चाललंय, कुठे अडलंय? तिसऱ्या प्रश्नावर माणूस क्षणभर गप्प होतो, कारण पाहुणे हे विचारत नाहीत. मग बोलू लागतो. एका होस्टने मला सांगितलं की त्याची कंपनी जागा बदलते आहे आणि जुना साठा कुठे ठेवायचा याचा घोळ आहे. त्याला माझ्याकडून सल्ला विकत घ्यायचा नव्हता, मीही विकला नाही. दोन दिवसांनी एका ओळखीच्याचा संपर्क दिला, ज्याने तसंच स्थलांतर नुकतंच उरकलं होतं. तो होस्ट आज माझ्या जवळच्या व्यावसायिक मित्रांपैकी आहे. त्या फोनवर जे कळतं ते वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी "त्या स्थलांतराचं काय झालं?" असं विचारायला तीच ओळ उपयोगी पडते.

माइकसमोर काय बोलायचं यावर सल्ल्यांचा पाऊस आहे, म्हणून मी फक्त ओळखींच्या अंगाने बोलते. एक, आपली एखादी खरी चूक सांगा, तिच्या परिणामांसकट. "मी परिपूर्णतेच्या मागे फार लागतो" असली सजवलेली चूक नको. मी एकदा गोदामातल्या वाटा इतक्या अरुंद आखल्या होत्या की मालाची गाडी वळायलाच जागा उरली नाही आणि अर्धी मांडणी उखडावी लागली. हे सांगितल्यावर मला जितकी पत्रं आली, तितकी यशाच्या कुठल्याच गोष्टीवर आली नाहीत. लोक लिहितात तेव्हा बहुतेक आपली तशीच चूक सांगायला लिहितात, आणि संवाद तिथूनच सुरू होतो. मात्र ग्राहकाची गोष्ट सांगायची तर आधी त्याची परवानगी घ्या किंवा तो ओळखू येणार नाही इतके तपशील बदला. तुमच्या क्षेत्रात तर हे दुप्पट जपायला हवं. दुसऱ्याच्या ताळेबंदाबद्दल सैल बोलणाऱ्या सल्लागाराकडे स्वतःचा ताळेबंद कोण उघडेल?

दोन, ज्यांच्याकडून शिकलात त्यांची नावं घ्या. ही माझी आवडती युक्ती आहे, फक्त तिला युक्ती म्हणायला मन धजत नाही, कारण ती खोटी असली की लगेच कळते. "ही पद्धत मला अमुक यांनी दाखवली" असं म्हणा, अर्थात त्यांना ते चालणार असेल तर. भाग आला की त्यांना व्यक्तिशः कळवा: तेविसाव्या मिनिटाला तुमचा उल्लेख आहे. मिनिट सांगायला विसरू नका, तासभर कुणी शोधत बसत नाही. एका भागातून होस्टशी एक नातं जुळतं. अशी दोन-तीन नावं घेतलीत तर जुनी दोन-तीन नाती पुन्हा जागी होतात. मला आठवतंय, आठ वर्षं बोलणं नसलेल्या माझ्या एका जुन्या वरिष्ठांना असा दुवा पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, आणि वर्षभराने कामही आलं.

तीन, होस्टलाही थोडं उलट विचारा. "तुमच्या कामात हे कसं होतं?" चांगल्या होस्टला हे आवडतं, आणि नुसतं भाषण चालू होतं तिथे संभाषण येतं. दोनदा पुरे. त्याचा शो तुम्ही चालवायला लागलात तर तो पुन्हा बोलावणार नाही.

शेवटी होस्ट विचारतो, "लोकांनी तुम्हाला कुठे गाठायचं?" इथे पाहुणे संकेतस्थळ, लिंक्डइन, वृत्तपत्रिका, पुस्तक, अभ्यासक्रम अशी रेल्वेची उद्घोषणा करतात. एकच जागा सांगा. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगलं चालतं ते असं: "गोदाम तपासायची माझी एक पानी यादी आहे, हवी असेल तर मला मेल करा, मी स्वतः पाठवते." फॉर्म भरून आपोआप येणारी फाइल यापेक्षा सोपी आहे हे मला माहीत आहे, यादीत नावंही जास्त जमतात. पण मेल करायला माणसाला दोन वाक्यं लिहावी लागतात, आणि त्या दोन वाक्यांत तो आपली अडचण सांगून जातो. मला ती दोन वाक्यं हवी असतात. महिन्याला पन्नास मेल येऊ लागले तर ही पद्धत मोडेल. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

सामग्रीबद्दल चार ओळींत उरकते. तारेचा साधा यूएसबी डायनॅमिक माइक, तोंडापासून चार-पाच बोटांवर, कानात हेडफोन, पडदे, कपाटं, पुस्तकं असलेली खोली, रिकाम्या भिंती नकोत. एवढं पुरतं. वाईट आवाजाचा त्रास श्रोत्यापेक्षा आधी संपादन करणाऱ्याला होतो, आणि छोट्या शोमध्ये संपादन करणारा होस्टच असतो. रात्री जागून तुमचा घुमणारा आवाज साफ करणाऱ्या माणसाच्या मनात तुमच्याबद्दल काय चालू असेल, याची कल्पना करा.

इथे एक तांत्रिक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळ्यात मोलाचा वेळ तिच्यात दडलेला आहे. दूरस्थ रेकॉर्डिंगची रिव्हरसाइडसारखी साधनं प्रत्येकाचा आवाज त्याच्याच संगणकावर साठवतात आणि मग वर चढवतात, म्हणून नेट अडखळलं तरी आवाज स्वच्छ राहतो. याचा अर्थ बोलणं संपल्यावरही फाइल पूर्ण चढेपर्यंत ती खिडकी बंद करायची नसते. कधी दोन मिनिटं लागतात, कधी दहा. लाल दिवा बंद, दोघांचेही खांदे सैल, आणि कुणालाच लगेच उठता येत नाही. माझी बहुतेक खरी संभाषणं या अपलोडच्या पट्टीकडे बघत झाली आहेत. तुम्ही रेकॉर्डिंगला लागून लगेच दुसरी बैठक ठेवत असाल, तर तुम्ही नेमका हाच वेळ कापता. पुढचा अर्धा तास मोकळा ठेवा. "आज मी कुठे पसरट झाले?" असं विचारा. आधीच्या फोनवर त्याने सांगितलेल्या अडचणीबद्दल विचारा. आणि "या विषयावर तुम्ही अजून कुणाला बोलवायला हवंय?" असंही विचारा. ते नाव तुमच्या ओळखीत निघालं, तर दोघांनाही वेगवेगळं विचारून मगच गाठ घालून द्या. न विचारता दोघांना एका मेलमध्ये ढकलून "आता तुमचं तुम्ही बघा" करणारे लोक मला आवडत नाहीत.

भाग प्रसिद्ध झाल्यावर लिंक सगळीकडे फिरवणं हे किमान सौजन्य आहे, ते करा आणि त्यावर फार वेळ घालवू नका. त्याऐवजी त्या भागाचा खरोखर उपयोग होईल अशा पाच माणसांना वेगवेगळे निरोप पाठवा. भागच आला नाही, असंही होतं. एकदा विचारा, मग सोडून द्या. होस्ट आधीच ओशाळलेला असतो.

श्रोत्यांची पत्रं येतील तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या. १९५६ मध्ये डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी रेडिओ-टेलिव्हिजनच्या संदर्भात एकतर्फी जवळिकीबद्दल लिहिलं होतं: ऐकणाऱ्याला बोलणारा ओळखीचा वाटू लागतो, बोलणाऱ्याला मात्र ऐकणारा ठाऊकच नसतो. कानात इअरफोन घालून तुम्हाला तासभर ऐकलेला माणूस तुम्हाला जुन्या ओळखीच्या सुरात लिहितो. त्याला लगेच कॅलेंडरची लिंक पाठवणं म्हणजे थंड पाण्याचा शिडकावा. आणि खोटी सलगी दाखवणंही तितकंच वाईट. एक उपयोगी गोष्ट सांगा, एक प्रश्न विचारा, तोही त्याच्याबद्दल. तो आपली ओळख करून देईल तेव्हा तराजूचे काटे जरा समान होतील, आणि बोलणं पुढे जायचं असेल तर आपोआप जाईल.

तुम्हाला वाटेल, एवढी माणसं सांभाळायची कधी? इथे एक दिलासा आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये सैल ओळखींच्या ताकदीवर एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारलं होतं, ती ओळखीची व्यक्ती त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार म्हणणारे फक्त १६.७ टक्के, अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के, क्वचित म्हणणारे २७.८ टक्के. नमुना ५४ जणांचा, म्हणजे लहान, आणि विषय नोकरीचा, धंद्याचा नव्हे. पण कारण पटण्यासारखं आहे: रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते. होस्ट तर अशा किती वर्तुळांच्या सीमेवर उभा असतो. तेव्हा दर आठवड्याला कुणाच्या दारात उभं राहायची गरज नाही. वर्षातून दोन-तीनदा, काहीतरी हातात घेऊन आठवण काढलीत तरी ती सैल ओळख जिवंत राहते. फक्त कामापुरता मामा होऊ नका.

हातात काय घेऊन जायचं? होस्टला सगळ्यात दुर्मीळ असलेली गोष्ट म्हणजे परिणामाची बातमी. वर म्हटलं तसं, फाइल एका दिशेने जाते, परत काही येत नाही. एका पाहुण्याने मला सात महिन्यांनी लिहिलं होतं की माझ्या शोवरचा त्याचा भाग ऐकून एका श्रोत्याने त्याला गाठलं, दोघांनी मिळून एक छोटं काम केलं, आणि तो श्रोता माझ्याबद्दल काय म्हणाला ते असं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. त्यानंतर त्याच्या क्षेत्रातलं काही विचारायला कुणी आलं की माझ्या तोंडात पहिलं नाव त्याचंच येतं, मी ठरवून काही करत नाही.

एजन्सीबद्दल माझं मत आता तुमच्या लक्षात आलं असेल. ती शो शोधेल, तारखा जमवेल, तेवढं काम नीट करणाऱ्या एजन्सी आहेत. पण तिचा मोबदला भागांच्या संख्येवर ठरतो, आणि तुमची अडचण संख्येची नाही. शिवाय पहिलं पत्र तिने लिहिलं की होस्टची पहिली ओळख तिच्याशी होते, तुम्ही तिच्या यादीतले एक नाव. घ्यायचीच असेल तर शोंची यादी तिच्याकडून करून घ्या, ऐकणं आणि लिहिणं स्वतः करा. वर्षाला ११ शोही मला जास्त वाटतात. चार-पाच पुरे. आणि येत्या तिमाहीत पैसे हातात यायलाच हवे असतील, तर पॉडकास्टकडे बघूच नका. माझ्या ओळखींना कामात उतरायला सहसा वर्षाहून जास्त काळ लागला आहे.

हा नाद मात्र सोडू नका, कारण तुमचं अर्धं काम झालेलं आहे. तीन महिने एकही नवा शो घेऊ नका. त्या ११ भागांची यादी काढा आणि ज्या होस्टशी बोलताना तुम्हाला स्वतःला मजा आली होती, असे चार निवडा. तुमचा भाग झाल्यानंतरचे त्यांचे दोन-तीन भाग ऐका. मग लिहा, आणि स्वतःसाठी काहीही मागू नका:

"आपलं रेकॉर्डिंग झालं त्याला आठ महिने झाले. तुम्ही त्या दिवशी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मी घाईत दिलं होतं. नंतर त्यावर विचार करत राहिलो, आणि आता वेगळं उत्तर देईन, ते खाली लिहितो आहे. एक मात्र राहून गेलं: सगळा वेळ मीच बोलत होतो. तुमचं काम सध्या कसं चाललंय?"

चारपैकी दोघांचं उत्तर आलं तरी भरपूर. उत्तर आलं की फोन करा, आणि या वेळी पहिली वीस मिनिटं त्यांना बोलू द्या.